नवख्या क्वार्टरबॅकचं पाणी पहिल्या मोसमात कसं जोखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या तुमच्या संघानं ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला. नऊ सामने झाले, खात्यावर 8 टचडाऊन (गुण मिळवून देणारे पास) आणि 11 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पकडलेले पास). मित्र म्हणतात, पोरगा फुकट गेला. तुम्ही म्हणता, बफेलोचा क्वार्टरबॅक जोश ॲलनही सुरुवातीला असाच होता. खरं कोणाचं? शिवाय त्याच ड्राफ्टमधून आलेल्या रिसीव्हरनं (पास पकडणाऱ्यानं) अजून काहीच करून दाखवलेलं नाही, त्याचं काय समजायचं?

मी इथे अमेरिकेत एका हायस्कूल संघाच्या क्वार्टरबॅकांसोबत काम करतो. शुक्रवारी रात्री सामना आणि शनिवारी सकाळपासून फिल्म, असा आमचा आठवडा. व्यावसायिक संघांची कोचेस फिल्मही (मैदानावरचे सगळे खेळाडू दिसणारं चित्रण) नेमानं बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, नऊ सामन्यांच्या आकड्यांवरून या पोराचा निकाल लागत नाही. नऊ सामन्यांच्या फिल्मवरून मात्र बरंच कळतं. सप्टेंबरमध्ये तो जी चूक करत होता तीच नोव्हेंबरमध्येही करतोय का, हे सगळ्यात आधी बघा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आकडे फसवतात कसे, ते आधी पाहू. 1998 मध्ये पेटन मॅनिंगनं कोल्ट्सकडून पहिल्याच मोसमात 28 इंटरसेप्शन दिले. नवख्या खेळाडूचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला. पुढच्याच वर्षी ते उलटं झालं: 13 विजय, 3 पराभव. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चार्जर्सनं घेतलेल्या रायन लीफनं पहिल्या वर्षी 2 टचडाऊन आणि 15 इंटरसेप्शन दिले आणि तो पुढे कधीच उभा राहिला नाही. त्याच्या नऊ वर्षं आधी, 1989 मध्ये, डॅलसचा ट्रॉय एकमन सुरुवातीपासून खेळलेले अकराही सामने हरला होता, 9 टचडाऊन आणि 18 इंटरसेप्शन. त्यानं नंतर तीन सुपर बोल जिंकले. पहिल्या वर्षीचे कागद समोर ठेवले तर एकमन मॅनिंगपेक्षा लीफच्या जास्त जवळचा वाटतो. म्हणजे कागद पुरेसा नाही.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत. 2021 मध्ये पेट्रियट्सच्या मॅक जोन्सनं पहिल्या वर्षी 67.6 टक्के पास पूर्ण केले, 22 टचडाऊन दिले, संघाला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेलं. सगळे म्हणाले, पेट्रियट्सचा महान क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याच्यानंतरचा माणूस मिळाला. मग त्याचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्रशिक्षक) जॉश मॅकडॅनियल्स रेडर्सचे हेड कोच होऊन निघून गेले, त्यांच्या जागी या कामाचा अनुभव नसलेली माणसं बसवली गेली, आणि 2024 च्या मार्चमध्ये जोन्स जॅक्सनव्हिलला ट्रेड झाला. पहिल्या वर्षीचं यश त्याचं किती आणि मॅकडॅनियल्सचं किती, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता तुमच्या जोश ॲलनबद्दल. 2018 मध्ये बफेलोनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी 52.8 टक्के पास, 10 टचडाऊन, 12 इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी 58.8 टक्के. तिसऱ्या वर्षी, 2020 मध्ये, थेट 69.2 टक्के आणि 37 टचडाऊन. ही झेप खरी आहे, पण तिची कारणं होती. जॉर्डन पामर यांच्याबरोबर त्यानं फेकण्याची पद्धत मुळापासून दुरुस्त केली, कंबर आणि पाय हाताच्या आधी वळवायला शिकला. ब्रायन डेबॉल हेच कोऑर्डिनेटर सलग राहिले. 2020 मध्ये मिनेसोटाहून स्टेफन डिग्ज आला. इतकं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला क्वचित येतं. म्हणून ॲलनचं नाव प्रत्येक चाचपडणाऱ्या पोरासाठी ढाल म्हणून वापरू नका. सुरुवातीला अडखळणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढेही अडखळतच राहतात. 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पंधरांत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. 2025 चा मोसम सुरू झाला तेव्हा ज्या संघानं घेतलं त्याच संघात उरला होता एकटा लॉरेन्स. तुमच्या मित्रांची शंका हवेतली नाही.

मग फिल्ममध्ये बघायचं काय? त्यासाठी कॉलेजहून आलेल्या पोरासमोर नेमकं काय बदलतं ते समजून घ्यायला हवं. मैदान दोन्हीकडे सारखंच रुंद, पण मधल्या हॅश मार्क्समधलं, म्हणजे ज्यांच्या आत चेंडू ठेवून खेळी सुरू होते त्या खुणांमधलं, अंतर कॉलेजात 40 फूट आणि एनएफएलमध्ये फक्त 18 फूट 6 इंच. कॉलेजात चेंडू बऱ्याचदा एका कडेला ठेवला जातो, एक बाजू ऐसपैस मोकळी राहते आणि बचावाला आपली माणसं आधीच तिकडे सरकवावी लागतात. म्हणजे बचाव आपले पत्ते आधीच उघडे करतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मधोमध असतो, त्यामुळे सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) स्नॅप होईपर्यंत, म्हणजे चेंडू खेळात येईपर्यंत, थाप मारता येते. कॉलेजात रन-पास ऑप्शनच्या खेळीत (पळायचं की पास टाकायचं हे ऐनवेळी ठरतं अशा) लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या रक्षकांच्या फळीतला खेळाडू, तीन यार्ड पुढे गेलेला चालतो, इथे एकच यार्ड. त्यामुळे कॉलेजात सोपे मिळालेले कितीतरी पास इथे गायब होतात. हेल्मेटमधल्या रेडिओवर कोच बोलतो खरा, पण खेळीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. पुढे संरक्षण कुणी कुणाचं करायचं, ब्लिट्झ (बचावाच्या जादा माणसांची क्वार्टरबॅकवर धाड) कुठून येतोय, हे सगळं त्या एकट्या पोरावर.

एक प्रसंग जवळून दाखवतो, दर रविवारी दिसणारा. थर्ड डाऊन, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, सात यार्ड हवेत. समोर दोन सेफ्टी, दोघेही खोल, साधारण बारा-चौदा यार्डांवर. पोराच्या डोक्यात हिशेब जुळतो: दोघंही मागे, म्हणजे मधला पट्टा रिकामा, आपला स्लॉट रिसीव्हर (आतल्या बाजूला उभा राहणारा) बारा यार्ड जाऊन आत वळणार, चेंडू तिथे टाकायचा. स्नॅप होतो. त्याच क्षणी एक सेफ्टी मागच्या मध्यभागी सरकतो आणि दुसरा पुढे धावत येऊन नेमका त्या रिकाम्या पट्ट्यात उभा राहतो. पोराची नजर तेवढ्यात ब्लिट्झ येतोय का हे बघायला डावीकडे गेलेली. ती परत वळते आणि तो फेकतो स्नॅपच्या आधी पाहिलेल्या चित्रावर विसंबून. इंटरसेप्शन. टीव्हीवर दिसतो फक्त चेंडू आणि त्याचा पडलेला चेहरा. कोचेस फिल्मवर दिसतं की सेफ्टीनं पाय कधी वळवला आणि तेव्हा याच्या हेल्मेटचं तोंड कुठे होतं.

पुढच्या आठवड्यात काय होणार ते ठरलेलं आहे. शॉर्ट बॉल झेपत नाही हे कळल्यावर प्रत्येक गोलंदाज जसा फलंदाजाला तोच टाकत राहतो, तसं प्रत्येक संघ या पोराला हेच दोनाचे एक होणारे सेफ्टी दाखवत राहतो. फिल्म सगळ्यांकडे असते. आता त्याचा सातवा-आठवा सामना काढा. तीच मांडणी, पुन्हा थर्ड डाऊन. या वेळी पहिल्या पावलालाच त्याची नजर सेफ्टीवर आहे. एक खाली आला, म्हणजे मागे उरला एकच, म्हणजे बाहेरच्या रिसीव्हरसमोर कॉर्नर (कडेचा बचावपटू) एकटा. तो चेंडू साइडलाइनकडे फेकतो. समजा रिसीव्हरच्या हातून तो निसटला. दुसऱ्या दिवशी आकडेवारीत तो एक अपूर्ण पास. माझ्या लेखी ती त्या दिवसातली सगळ्यात चांगली फेक. अशा तीन-चार फेकी सापडल्या तर पोरगा शिकतोय. नाहीच सापडल्या, आणि आठव्या सामन्यातही चेंडू त्याच सेफ्टीच्या हातात जातोय, तर काळजी करा.

म्हणून त्या अकरा इंटरसेप्शनची वाटणी करून बघा. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेले वेगळे काढा. थर्ड डाऊनला पंधरा-वीस यार्ड हवे असताना लांब भिरकावलेले आणि खोलवर पकडले गेलेले वेगळे काढा, ते पंटसारखेच पडतात, म्हणजे चेंडू लाथेनं दूर धाडून प्रतिस्पर्ध्याला दिल्यासारखे. सामना हातातून गेल्यावर शेवटच्या मिनिटांत घेतलेल्या धोक्याचे वेगळे. उरले ते खरे त्याचे: मधल्या पट्ट्यात उशिरा टाकलेले, खाली उभा असलेला लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) दिसलाच नाही असे, आणि पळता पळता अंगावरून उलटे फेकलेले. माझा अनुभव असा की यातली उशीर होण्याची खोड सरावानं सुटते. लाइनबॅकर न दिसण्याची खोड सुटायला फार वेळ लागतो, कधी कधी सुटतच नाही.

इंटरसेप्शनपेक्षाही मी सॅककडे, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाण्याकडे, जास्त लक्ष देतो, आणि चाहत्यांचं नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. सॅक झाला की लोक लाइनला शिव्या देतात. लाइनचा दोष असतोच, पण सॅकची सवय बरीचशी क्वार्टरबॅकची स्वतःची असते. संघ बदलला तरी ती बऱ्याचदा त्याच्यासोबत जाते, कॉलेजातूनही सोबत येते. मॅनिंगनं त्या 28 इंटरसेप्शनच्या वर्षी 575 पास फेकले आणि सॅक झाला फक्त 22 वेळा. म्हणजे चेंडू कधी सोडायचा हे त्याला तेव्हाच कळत होतं, कुठे सोडायचा हे शिकायचं राहिलं होतं. त्या भयंकर मोसमातली आश्वासक गोष्ट तीच होती.

2024 मध्ये शिकागोचा कॅलेब विल्यम्स 68 वेळा सॅक झाला. त्याच वर्षी डेन्व्हरचा बो निक्स, जवळजवळ तितकेच पास फेकून, 24 वेळा. डेन्व्हरची लाइन चांगली होती हे खरं, पण विल्यम्सही चेंडू धरून बसायचा, कॉलेजातही बसायचा. शिकागोनं त्याच मोसमात आधी कोऑर्डिनेटर आणि मग हेड कोच काढला. 2025 साठी बेन जॉन्सन आले, जो थुनी, ड्रू डॅलमन आणि जोना जॅक्सन असे तीन अनुभवी लाइनमन आले, आणि सॅक निम्म्याहून खाली उतरले. यातलं किती लाइनचं आणि किती विल्यम्सचं? फिल्म बघून मी म्हणेन, दोन्हीचं. तो आता पहिला पर्याय बंद दिसला की दुसऱ्याकडे लवकर वळतो. तुमच्या पोराबद्दल हे तपासायला घड्याळ लागत नाही. मागे गेल्यावर त्याचा मागचा पाय जमिनीवर टेकतो, तिथे टीव्ही थांबवा. कुणी मोकळा आहे का? असेल आणि तरी चेंडू हातातच असेल, तर पुढे होणारा सॅक लाइनच्या नावावर मांडू नका. कुणीच मोकळा नसेल आणि लाइन तुटलेली असेल, तर पोराला दोष देऊ नका.

अचूकतेबद्दल इतकंच की पूर्ण झालेला पास आणि अचूक पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडवा पळणाऱ्या रिसीव्हरच्या छातीसमोर चेंडू आला तर तो पकडून पळत सुटतो. तोच कमरेच्या मागे आला तर थांबून, वळून पकडावा लागतो आणि तिथेच पाडला जातो. कागदावर दोन्ही पूर्ण. एक पंधरा यार्डांचा, एक सहाचा.

आता त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टी. ॲलेक्स स्मिथ 2005 मध्ये पहिल्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोत आला आणि पहिल्या सात वर्षांत त्याला सात वेगवेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले. दरवर्षी नवं प्लेबुक, नवी भाषा. पहिल्या वर्षी त्यानं 1 टचडाऊन आणि 11 इंटरसेप्शन दिले होते. पुढे तो इतका भरवशाचा खेळाडू झाला की 2017 मध्ये पॅट्रिक महोम्सला कॅन्सस सिटीत जवळजवळ पूर्ण मोसम त्याच्या मागे बसावं लागलं. लॉरेन्सला 2021 मध्ये अर्बन मायर मिळाले. मोसम संपायच्या आतच त्यांना काढावं लागलं. त्या वर्षी लॉरेन्सचे 12 टचडाऊन, 17 इंटरसेप्शन. पुढच्या वर्षी डग पीडरसन आले आणि 25 व 8 झाले. 2023 मध्ये ब्राइस यंगसाठी कॅरोलायनानं डी. जे. मूरसारखा रिसीव्हर आणि चार पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क) शिकागोला दिले. यंगला उरलं काय? दोन विजयांचा संघ, 62 सॅक आणि मोसमाच्या मध्यात काढलेला कोच. दिलेल्या पिकांपैकी एक पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकाचं ठरलं, त्यावर शिकागोनं घेतला तोच कॅलेब विल्यम्स.

त्याच 2023 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या सी. जे. स्ट्राउडनं ह्यूस्टनकडून पहिल्या वर्षी 4,108 यार्ड, 23 टचडाऊन आणि फक्त 5 इंटरसेप्शन दिले. यंग फसला, स्ट्राउड महान, असा निकाल तेव्हाच लागला. 2024 मध्ये स्ट्राउडची लाइन कोसळली, डिग्ज आणि टँक डेल जायबंदी झाले, सॅक 38 वरून 52 वर गेले आणि इंटरसेप्शन 12 झाले. तेच यंग दोन सामन्यांनंतर बाकावर बसून परत आला आणि मोसमाच्या उत्तरार्धात आधीपेक्षा कितीतरी शांत खेळला. मी आजही या दोघांत स्ट्राउडलाच वर ठेवतो. पण दोघांतलं अंतर 2023 च्या आकड्यांनी दाखवलं तेवढं कधीच नव्हतं.

बसवून ठेवावं की खेळवावं, यावर वर्षानुवर्षं वाद चालतात. मला विचाराल तर दोन्ही चालतं. महोम्स, ॲरन रॉजर्स, जॉर्डन लव्ह बसून तयार झाले, मॅनिंग आणि एकमन मार खाऊन. वाया जातो तो तिसऱ्या प्रकारचा: दोन सामने खेळव, काढ, परत घाल.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल एक सावधगिरी. पायांच्या जोरावर पहिल्या वर्षीचे आकडे झाकले जातात. 2012 मध्ये रॉबर्ट ग्रिफिन वॉशिंग्टनकडून ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर (आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम नवखा) ठरला, जानेवारीत प्लेऑफमध्ये गुडघा गेला आणि नंतर फक्त पॉकेटमधून, म्हणजे लाइनच्या संरक्षणात उभं राहून, खेळायची वेळ आली तेव्हा ते जमलं नाही. तुमचा पोरगा पळत असेल तर पळण्याआधी तो किती पर्याय बघतो ते मोजा. एक बघून पळत असेल तर ती पळापळ पुढे महागात पडेल.

संघ तुमच्याइतका धीर का धरत नाहीत, याचं कारण पैशात आहे. 2010 पर्यंत पहिला पिक अव्वाच्या सव्वा महाग असायचा. सॅम ब्रॅडफर्डला त्या वर्षी 5 कोटी डॉलरची हमी मिळाली. 2011 च्या लीग आणि खेळाडू संघटनेतल्या करारानं नवख्यांचे पगार बांधले आणि कॅम न्यूटनचा पूर्ण चार वर्षांचा करारच सुमारे 2.2 कोटींत बसला. तेव्हापासून स्वस्त क्वार्टरबॅकची ही चार वर्षं म्हणजे बाकीचा संघ उभारायची संधी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा की नाही हा निर्णय तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला द्यावा लागतो, आणि तो पगार पूर्ण हमीचा असतो. म्हणजे संघाच्या हातात खरे तीनच मोसम. या घाईत कितीतरी बरे खेळाडू बाहेर फेकले जातात. सॅम डार्नल्ड 2018 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेट्सकडे आला, तिथे आणि कॅरोलायनात संपला असं सगळ्यांनी धरलं. 2024 मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेल आणि जस्टिन जेफरसन मिळाल्यावर त्यानं 35 टचडाऊन देत 14 सामने जिंकले. त्याच ड्राफ्टचा पहिला पिक बेकर मेफिल्ड चौथ्या संघात, टँपात, स्थिरावला. त्यामुळे हा संघासाठी चुकला आणि हा खेळाडू म्हणून संपला, ही दोन विधानं वेगळी ठेवत जा.

तुमच्या रिसीव्हरबद्दल फार काळजी नको. 2021 च्या सराव सामन्यांत जमार चेस चेंडू सोडत होता. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या नसतात, त्यामुळे नजरेला सवय लागायला वेळ जातोय, असं तो सांगायचा आणि लोकांनी त्याला उडवून लावलं. मोसमाअखेर त्याच्या नावावर 1,455 यार्ड होते. डावान्टे ॲडम्सची पहिली दोन वर्षं सामान्य गेली होती. रिसीव्हरचं बघायचं तर पकडलेले चेंडू मोजू नका, समोरच्या कॉर्नरपासून तो सुटतोय का ते बघा. सुटत असूनही चेंडू येत नसेल, तर ते तुमच्या क्वार्टरबॅकच्या खात्यात लिहा. कॉर्नरबॅक आणि टॅकलनाही (लाइनच्या दोन टोकांच्या खेळाडूंना) पूर्ण पहिलं वर्ष द्या. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) मात्र चालणार असेल तर लवकरच दिसतो.

उरलेल्या आठ सामन्यांत मी तुमच्या जागी फक्त थर्ड डाऊन आणि दोन्ही अर्धांतली शेवटची दोन मिनिटं बघेन. भारतातून बघत असाल तर रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होणारा अख्खा सामना जागून काढायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी एवढ्याच खेळी काढून बघा. तेच सेफ्टी, तोच उशीर, तोच धरून ठेवलेला चेंडू डिसेंबरअखेरही दिसला आणि कोऑर्डिनेटर मधे बदललेला नसेल, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा क्वार्टरबॅक घ्यावा असं म्हणायला कचरू नका. पहिल्या फेरीचा पिक खर्च झालाय म्हणून त्याच माणसाला चिकटून राहायचं, हे कारण पुरत नाही. ॲरिझोनानं 2018 मध्ये जॉश रोझनला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि एका मोसमानंतर, सगळीकडून टीका होत असताना, मायामीला देऊन टाकलं. 2019 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे घेतला. मरे त्या वर्षीचा ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर ठरला. रोझनचे पुढे कुठेच पाय रोवले गेले नाहीत.